फर्गीला अल्टरनेटर बसवून आठ महिने: चावी खिशात, इंजिन चालूच

चावी काढून खिशात टाकली तरी ट्रॅक्टर चालूच. मामी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "अरे, बंद कर की आता ते धूड, कान किटले." मी तिला खिशातली चावी काढून दाखवली. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

मनोरीच्या वाडीवर मामाची फर्ग्युसन टीई-20 आहे, पेट्रोलवर चालणारा जुना ट्रॅक्टर, आमची फर्गी. कॉव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात अशा पाच लाखांवर बनल्या, तेव्हा मशीन काय चीज आहे ते मी नव्याने सांगत नाही. नारळ, शेणखत आणि पाण्याची टाकी ओढणं, पावसाळ्याआधी दोन खाचरं उखळणं, एवढंच तिचं काम. मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून तिला कामाशिवाय चालू ठेवणं मला बघवत नाही. त्यामुळे बंद न होणारं इंजिन ही माझ्यासाठी नुसती तांत्रिक अडचण नव्हती.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, का बसवला ते आधी सांगतो. त्याच कामाचा जुना डायनामो कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, चार्ज देतच नव्हता आणि आमची गाडी सगळा वेळ कमी आरपीएमलाच चालते. दर पंधरा दिवसांनी बॅटरी पिशवीत घालून मार्वेच्या फेरीबोटीत चढायचं, मालाडला चार्जिंगला टाकायची, दुसऱ्या दिवशी परत न्यायची. बोटीतल्या बाया पिशवीकडे बघून विचारायच्या, मासळी कुठली? डायनामो रिवाइंड करायचे साडेतीन हजार सांगितले. त्यापेक्षा छोट्या मोटारीचा जुना अल्टरनेटर बावीसशेला मिळाला. ब्रॅकेट लेथवाल्याकडून नऊशेला, मिस्त्रीची मजुरी पंधराशे. हो, बेरीज साडेतीन हजारांच्या पुढे जाते. बायकोने ती तेव्हाच करून दाखवली होती.

टीई-20 मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली, आणि हे अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थचे, म्हणून बॅटरी उलटी जोडावी लागली. ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या दोन वायरी आणि बॅटरीत जाणारा-येणारा करंट दाखवणाऱ्या ॲमीटरच्या वायरीही अदलाबदल केल्या. स्टार्टर उलटा फिरेल अशी मामाला धास्ती होती. तो फिरत नाही. त्याचं फील्ड आणि आर्मेचर, म्हणजे स्थिर आणि फिरतं अशी आतली दोन्ही चुंबकं, एकाच वेळी उलटतात, त्यामुळे दिशा तीच राहते. गिअरची दांडी एसवर (स्टार्टवर) नेली आणि पहिल्याच झटक्यात गाडी सुरू. ॲमीटरचा काटा असा उजवीकडे गेला की मामा मोटार घेतल्यासारखा सगळ्यांना बोलावून दाखवत होता.

आणि मग ती बंद होईना.

पहिला संशय चावीच्या स्विचवर. मूळचा स्विच कधीच गेलेला, हा नंतर बसवलेला. मिस्त्री म्हणाला, आत चिकटलाय. ऑपेरा हाउसच्या बाजारातून साडेचारशेचा नवा आणला. फरक शून्य. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, म्हणे इलेक्ट्रिकचा माल एकदा लावला की लावला. तो जुना स्विच, पूर्ण ठणठणीत, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे साडेचारशे रुपये मी या लेखात पुन्हा काढणार आहे.

दुसरा संशय कार्बनचा. तापलेल्या इंजिनात कार्बन लालबुंद होऊन ठिणगीशिवाय पेट्रोल पेटवतो, हे खरं आहे. पण तेव्हा इंजिन खोकतं, धडधडतं आणि काही सेकंदांत मरतं. आमचं देवळातल्या घड्याळासारखं संथ चाललेलं.

मग मिस्त्रीने शक्कल लढवली. त्याचा हात जुन्या स्कूटरवर बसलेला. तिथे मॅग्नेटो असतो, तो बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी बनवतो, आणि बंद करायचं म्हणजे वायर अर्थ करायची, बॉडीला टेकवायची. मॅग्नेटोच्या गाडीत स्विचची वायर तुटली तर गाडी बंद होत नाही. कॉइलच्या गाडीत तुटली तर सुरूच होत नाही. सगळा हिशोब उलटा. त्याने कॉइलच्या प्लॅटिनमकडच्या (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटकडच्या) टोकाला एक बटण लावून अर्थ दिला. दाबलं की इंजिन बंद, म्हणून मजुरीचे आणखी दोनशे घेऊन गेला. मामाने एकदा चावी चालू ठेवूनच ते बटण दाबून ठेवलं आणि ॲमीटर बघत बसला. कॉइल इतकी तापली की हात लावेना. ठिणगी थांबते, पण कॉइलमधून करंट वाहतच राहतो. ते बटण मी त्याच संध्याकाळी उपटलं.

तोवर बंद करायचे आमचे दोन मार्ग होते. टॉप गिअर टाकून ब्रेकवर उभं राहायचं आणि क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. किंवा पेट्रोलचा कॉक बंद करून झेनिथ कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत वाट पाहायची. मामा दुसरा मार्ग वापरायचा आणि तेवढ्यात विडी ओढायचा. पेट्रोलच्या कॉकपाशी विडी! त्यावरून मामीचं आणि त्याचं जे व्हायचं ते इथे लिहीत नाही.

शेवटी एका रविवारी मीच टेस्ट लॅम्प घेऊन बसलो. इंजिन चालू, चावी बंद, दिव्याची एक बाजू बॉडीला आणि दुसरी कॉइलच्या येणाऱ्या टोकाला. दिवा पेटलेला. म्हणजे बॅटरी तोडली तरी करंट दुसरीकडून येतोय. अल्टरनेटरच्या मागची एलची बारीक वायर उपसली आणि इंजिन जागच्या जागी शांत. इतकी शांतता झाली की खाडीवरच्या बोटीचं इंजिन ऐकू आलं.

एल म्हणजे डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वायर. चावी लावली की बॅटरीचा करंट त्या दिव्यातून अल्टरनेटरच्या आत जातो आणि रोटरचं, म्हणजे आतल्या फिरत्या भागाचं, चुंबक जागं करतो. अल्टरनेटर चार्ज द्यायला लागला की एलवर स्वतःचेच चौदा व्होल्ट येतात, दोन्हीकडे दाब सारखा होतो आणि दिवा विझतो. आमच्या फर्गीला लाल दिवाच नाही, म्हणून मिस्त्रीने ती वायर थेट चावीच्या पुढच्या टोकाला लावली. कॉइलही त्याच टोकावर. चावी बंद केली की एलवरचे चौदा व्होल्ट उलटे येऊन कॉइलला पाजतात. इंजिन अल्टरनेटरला फिरवतंय, अल्टरनेटर इंजिनाला ठिणगी देतोय, आणि मी मधे चावी घेऊन उभा.

उपाय म्हणजे त्या वायरीत एक डायोड, करंट एकाच दिशेला जाऊ देणारा. लॅमिंग्टन रोडला 1N4007 वीस रुपयांना दहा मिळाले. पांढरी पट्टी अल्टरनेटरकडे ठेवून एक जोडला, वर टेप गुंडाळली. चावी बंद केली, इंजिन बंद. दोन रुपयांत काम झालं आणि स्विचला साडेचारशे घातले होते. तेव्हा मी अल्टरनेटरला पाचपैकी पाच दिले होते.

इथवरचा मजकूर जानेवारीत लिहून ठेवला होता. आता जून आहे आणि त्यातला एक शब्द मागे घेतो.

मे महिन्यात एका सकाळी टाकी भरून आणली, चावी काढली आणि फर्गी पुन्हा चालूच. मामाने न बोलता विडी काढली. डायोड सोडवून मल्टीमीटर लावला, तर दोन्ही दिशांनी रस्ता मोकळा. डायोड जळून शॉर्ट झालेला. चूक माझीच. 1N4007 एक अँपियरचा. चावी लावल्यावर, इंजिन सुरू होईपर्यंत, रोटर त्याहून बराच जास्त ओढतो, आणि मामाला चावी लावून मग तंबाखू मळायची सवय. दर वेळी बिचारा डायोड शेकत होता. दोन रुपयांच्या वस्तूचं कौतुक करताना तिच्यावर किती अँपियर लिहिलेत हे मी बघितलंच नाही.

या वेळी लोहार चाळीतून 12 व्होल्ट 3 वॅटचा डॅशबोर्डचा बल्ब आणि होल्डर आणला, दोन्ही मिळून तीस रुपये. तो एलच्या वायरीत, डायोडच्या जागी. तीन वॅटचा बल्ब पाव अँपियरच जाऊ देतो. रोटर जागवायला तेवढा पुरतो, पण उलटा आला तर कॉइलची ठिणगी पडायला पुरत नाही. शिवाय पट्टा तुटला किंवा चार्ज गेला तर बल्ब पेटून सांगतो, जे डायोड कधीच सांगणार नव्हता. पहिल्याच दिवशी थोडा रेस दिल्यावर विझला, आता रोज विझतो. मुळात कंपनीची मोटार असती तर तिथे हाच दिवा असता. तोच गाळून आम्ही सहा महिने घालवले.

अल्टरनेटरला आता साडेचार. अर्धा खाऱ्या वाऱ्याचा कापला, कारण मागच्या जोडण्या तीन महिन्यांत हिरव्या पडल्या. घासून, व्हॅसलीन लावून पुन्हा बसवल्या. तिथलं टर्मिनल सैल झालं की चार्ज जातो आणि दोष बॅटरीला लागतो, हे तेवढं लक्षात ठेवा. फॅन बेल्ट फार ताणू नका, बेअरिंग ओरडतं. बॅटरी जानेवारीपासून बोटीत चढलेली नाही.

मिस्त्री परवा भेटला. म्हणाला, तो बल्ब मीच सुचवणार होतो. मी त्याला साडेचारशेचा स्विच विकत घे म्हटलं. तो चहाचे पैसे देऊन निघून गेला.