कार्यकाळाची मर्यादा की निवडणुकीच्या नियमांत बदल : आधी कशामागे उभे राहावे?

एकच माणूस पंचवीस-तीस वर्षे त्याच खुर्चीत दिसला की मतदार वैतागतो. मग त्याच्यापुढे दोन उपाय येतात. एक म्हणजे कुणालाही सभागृहात ठरावीक वर्षांपेक्षा जास्त बसू द्यायचे नाही. दुसरा म्हणजे मतदारसंघ कोण आखतो, मते कशी मोजतात, जागा कशा वाटतात, हे नियमच बदलायचे. दोन्हींमागचा राग एकच असल्यामुळे ते बहुधा एका दमात मागितले जातात. पण ताकद कुठे लावायची हे ठरवायचे असेल तर दोन्हींची फळे वेगवेगळी आहेत, आणि ती पाहायला आता जगात पुरेसा अनुभव जमा आहे.

मर्यादेचा मोठा गुण म्हणजे ती कुणालाही समजते. वर्षे मोजली की झाले. अमेरिकेत १९९० मध्ये कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमाच्या मतदारांनी ती आणली. आज सोळा राज्यांच्या विधिमंडळांना ती लागू आहे. कॅलिफोर्नियात तेव्हा विली ब्राउन कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते. १९८० पासून जवळपास १५ वर्षे ते पद त्यांच्याकडे राहिले. संपूर्ण राज्यावर प्रभाव असलेल्या या नेत्याच्या विरोधात मत मात्र फक्त त्यांच्या मतदारसंघातल्या लोकांनाच देता येत होते. बाकीच्यांनी काय करायचे? मर्यादा हे त्यांच्या हातातले उत्तर होते, आणि समर्थकांचा हा मुद्दा मला मनापासून पटतो. शिवाय बसलेला माणूस उठणार हे नक्की असेल तेव्हाच अनेक नवे लोक उभे राहायचे धाडस करतात.

खरी तुलना करायला मात्र मिशिगनकडे वळावे, कारण तिथे एकाच राज्याने दोन्ही उपाय करून पाहिले.

१९९२ मध्ये तिथल्या मतदारांनी कनिष्ठ सभागृहासाठी सहा वर्षे आणि सिनेटसाठी, म्हणजे वरिष्ठ सभागृहासाठी, आठ वर्षे अशी तहहयात मर्यादा घातली. एकदा वर्षे संपली की परतीची वाट बंद. त्यामुळे चेहरे झपाट्याने बदलले, पण सत्ता? सिनेट १९८४ पासून रिपब्लिकन पक्षाकडे होती. मर्यादेमुळे जुना प्रत्येक सदस्य घरी गेला, तरी ती २०२२ पर्यंत त्याच पक्षाकडे राहिली. २०१८ च्या निवडणुकीत तर कनिष्ठ सभागृहासाठी राज्यभरातली जास्त मते डेमोक्रॅट उमेदवारांना पडली आणि ११० पैकी ५८ जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाल्या. माणसे बदलत होती, पण मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळातले बहुमतच आखत होते.

त्याच २०१८ मध्ये मतदारांनी हे काम विधिमंडळाकडून काढून १३ नागरिकांच्या आयोगाकडे दिले : दोन्ही पक्षांचे चार-चार आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले पाच. नव्या आखणीवर २०२२ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटांकडे गेली. २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृह पुन्हा रिपब्लिकनांनी जिंकले. सत्तेचा असा खांदेपालट मतदाराच्या हाती येणे, हे मला मर्यादेने आणलेल्या नव्या चेहऱ्यांपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. आयोगाचे काम निर्दोष होते असे मात्र नाही. डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून २०२३ च्या अखेरीस फेडरल न्यायालयाने रद्द ठरवले आणि पुन्हा आखायला लावले.

मर्यादेची किंमत कुठे चुकवावी लागते, हेही मिशिगननेच दाखवले. सहा वर्षांत अंदाजपत्रक कळायला लागते न लागते तोच निघायची वेळ येते. अध्यक्षपदापर्यंत पोहोचलेला माणूस ते पद जेमतेम एक-दोन टर्म सांभाळतो. अनुभव नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो : वर्षानुवर्षे तिथेच असलेले खात्यांचे अधिकारी आणि लॉबिस्ट (कंपन्या-संघटनांच्या वतीने आमदारांचे मन वळवणारे लोक) यांच्याकडे जातो, आणि त्यांना कुणी निवडून दिलेले नसते. वेन स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या विधिमंडळाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा प्रशासनावरची देखरेख सैल झाल्याचे त्यांना आढळले. अखेर २०२२ मध्ये मतदारांनी नियम सुधारला. एकूण वर्षे १४ वरून १२ केली, पण ती सगळी एकाच सभागृहात घालवायची मुभा दिली. कॅलिफोर्नियानेही २०१२ मध्ये हेच केले होते.

मेक्सिकोचा धडा याहून कडू आहे. तिथे १९३३ पासून लोकप्रतिनिधींना लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नसे. जनतेकडे परत जायचेच नसल्यामुळे पुढचे पद पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर मिळायचे, मग निष्ठाही तिकडेच. १९२९ मध्ये स्थापन झालेला सत्ताधारी पक्ष, नाव बदलत, २००० पर्यंत राष्ट्राध्यक्षपद राखून होता. २०१४ मध्ये ही बंदी सैल केली गेली. २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून २०३० पासून ती पुन्हा लागू करायचे ठरले. फिलिपिन्समध्ये १९८७ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला लागोपाठ तीन टर्मची मर्यादा घातली, तर जागा पत्नीकडे, मुलाकडे, भावाकडे जाऊ लागल्या. घराणेशाहीची चीड असेल तर नुसत्या मर्यादेवर भिस्त ठेवू नये.

नियमबदलाच्या बाजूने न्यूझीलंडचे उदाहरण भक्कम आहे. १९७८ आणि १९८१ मध्ये लेबर पक्षाला जास्त मते मिळाली, सरकार मात्र नॅशनल पक्षाचे आले. १९९३ च्या सार्वमतात लोकांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत निवडली (काही सदस्य मतदारसंघातून, बाकीचे पक्षांच्या याद्यांतून, म्हणजे एकूण जागा मतांच्या प्रमाणात) आणि २०११ च्या सार्वमतात ती कायम ठेवली. ब्रिटनमध्ये जुनीच पद्धत आहे : मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो. २०२४ मध्ये तिथे लेबर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या.

तरी एक खाचखळगा आहे. पक्षाच्या यादीतून निवड होते तिथे यादीत वरचा क्रमांक मिळालेला जुना नेता सहसा पडत नाही, आणि तो क्रमांक मतदार ठरवत नाही. तुमचा राग पक्षश्रेष्ठींवर असेल तर आयर्लंडची पद्धत बघा : मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, त्यामुळे एकाच पक्षाच्या दोघांतही निवड करता येते. ही पद्धत रद्द करण्याचे सरकारी प्रस्ताव तिथल्या लोकांनी १९५९ आणि १९६८ असे दोनदा फेटाळले.

अमेरिकी काँग्रेसपुरते सांगायचे तर मर्यादेची वाट फार लांबची आहे. राज्ये स्वतःहून काँग्रेसच्या सदस्यांवर ती लादू शकत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. त्याच वर्षी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, अशी मर्यादा आणणाऱ्या घटनादुरुस्तीला २२७ विरुद्ध २०४ मते मिळाली, म्हणजे लागणाऱ्या दोन-तृतीयांशापेक्षा बरीच कमी. मतमोजणीची पद्धत मात्र राज्य पातळीवर बदलता येते. मेन राज्याने २०१८ मध्ये काँग्रेसची निवडणूक पसंतीक्रमाने घेतली, आणि एका मतदारसंघात पहिल्या फेरीत मागे असलेला उमेदवार, बाद झालेल्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजल्यावर, अंतिम मोजणीत जिंकला.

मला निवडायचे झाले तर मी आधी मतदारसंघांच्या आखणीमागे उभा राहीन, मग मतमोजणीमागे. मर्यादेचा प्रस्ताव समोर आला तर त्यात तीन गोष्टी तपासेन : वर्षे किती, बंदी तहहयात की खंड घेऊन परत येता येते, आणि दोन्ही सभागृहांची वर्षे एकत्र धरली आहेत का. बारा वर्षे एकाच सभागृहात काढू देणाऱ्या प्रस्तावाला मी होकार देईन. सहा वर्षांच्या तहहयात बंदीला माझे मत विरोधातच असेल, मग समोरचा आमदार मला कितीही नकोसा असो.