'सिम्पल गिफ्ट्स' की 'ले मी लो'?

बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचा गायनवृंद आणि अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाची ही दोन गाणी; बसवायचं कोणतं? दोन्ही मुळात साथीविना, एकसुरात गायची.

'सिम्पल गिफ्ट्स' (१८४८, जोसेफ ब्रॅकेट, अमेरिकेचं मेन राज्य) नाचाचं गाणं. 'टर्न, टर्न' या शब्दांना गिरकीच अभिप्रेत आहे. चाल मंद्र पंचम ते मध्य पंचम, बरोबर एक सप्तक. पांढरी चारला (पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून) मुली सहज गातात; आवाज फुटत असलेली मुलं मात्र 'व्हेन ट्रू' या शब्दांच्या वरच्या पंचमावर किंचाळतात. त्यांना तिथे नुसता सा-प धरायला द्या. चाल पटकन बसते, लयही तितक्याच पटकन पळते.

'ले मी लो' संथ. शब्द थोडे, पण दम अपुरा पडला की सूर उतरतो. आळीपाळीने श्वास घ्यायला शिकवण्यातच दोन तालमी जातात.

वृंद नवा, कार्यक्रम तोंडावर असेल तर पहिलं. हाती दीड-दोन महिने असतील आणि एकमेकांचा आवाज ऐकायची सवय लावायची असेल तर दुसरं.