रॅम साफ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

१ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या छोट्या आभासी सर्व्हरवर, चार-पाच वर्डप्रेस साइट्स चालवणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा असेल. रात्रीतून डेटाबेस बंद पडतो आणि सकाळी प्रत्येक साइटवर ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ एवढंच दिसतं. डेटाबेस पुन्हा चालू केला की सगळं सुरळीत, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. वैतागून माणूस मदत शोधतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला गाठणारे लोक आहेत. मला असाच एक ‘सर्व्हर मॅनेजमेंट’वाला भेटला. त्याने काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण ही युक्ती कोणावरही चालू शकते.

त्याने रूट लॉगिन (सर्व्हरवर काहीही करण्याचा पूर्ण अधिकार) मागितलं, मेमरीचा हिशोब दाखवणारी ‘फ्री -एम’ ही कमांड चालवली आणि स्क्रीनशॉट पाठवला. एकूण ९८१ एमबी, वापरात ४७८, ‘फ्री’ फक्त ६८. त्या ६८ भोवती लाल वर्तुळ. खाली लिहिलं होतं की मेमरी लीक आहे (कुठलातरी प्रोग्रॅम घेतलेली मेमरी परत सोडत नाही), रॅम संपत आली आहे, दर महिन्याला ‘ऑप्टिमायझेशन’ करावं लागेल. त्याच ओळीत ‘बफ/कॅश’खाली ४३५ आणि ‘अव्हेलेबल’खाली ३९० असे आकडे होते. त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही.

सगळी फसवणूक इथेच आहे. सर्व्हर ज्यावर चालतो ती लिनक्स ही प्रणाली रिकामी रॅम तशीच पडू देत नाही, डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स तिच्यात धरून ठेवते; हीच ती ‘कॅश’. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की त्यातली बरीचशी लगेच सोडून देते. म्हणून निरोगी सर्व्हरवरही ‘फ्री’चा आकडा लहानच असतो. बघायचा असतो तो ‘अव्हेलेबल’चा रकाना, म्हणजे प्रोग्रॅमना खरोखर मिळू शकेल एवढी मेमरी. हे ठाऊक असूनही जो फक्त ‘फ्री’ दाखवतो, तो तुम्हाला घाबरवून गिऱ्हाईक करतोय.

मी पैसे भरले. दर महिन्याला रिपोर्ट यायचा: आधी ‘फ्री’ ७०, नंतर ‘फ्री’ ५००. कागदावर फारच छान. साइट्स मात्र पूर्वीपेक्षा जड झाल्या, आणि डेटाबेस बंद पडायचा तो पडतच राहिला. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: आता ४ जीबीचा प्लॅन घ्या, आणि माझ्याच लिंकवरून घ्या. ती कमिशनची लिंक होती.

शेवटी मी रूटचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांड्सची यादी, उघडला. महिन्याच्या महिन्याला ज्याचे पैसे जात होते ते सगळं काम एका ओळीत होतं. दर तासाला ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये ३ हा आकडा लिहायचा, म्हणजे लिनक्सने जपून ठेवलेली कॅश फेकून द्यायची. त्यामुळे ‘फ्री’चा आकडा फुगतो आणि त्याच फाइल्स पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात. चाचणी आणि डीबगिंगखेरीज हे वापरू नका, असं खुद्द कर्नलच्याच (लिनक्सच्या गाभ्याच्या) माहितीपुस्तिकेत म्हटलंय.

खरं कारण कर्नलच्या लॉगमध्ये पडून होतं. ‘जर्नलसीटीएल -के’ चालवलं की दिसतं: ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’, आणि पुढे मायएसक्यूएलचं, म्हणजे आपल्या डेटाबेसचं नाव. रॅम खरोखर संपली की कर्नल कुठली तरी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मारतो आणि सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली निवडतो. छोट्या सर्व्हरवर ती बहुतेक वेळा डेटाबेसच असते. पण इथे गुन्हेगार पीएचपी होतं, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती. पीएचपीच्या प्रोसेस चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएममध्ये ‘मॅक्स_चिल्ड्रेन’ (एका वेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस) ४० ठेवलेलं, एकेक प्रोसेस सुमारे ५० एमबी खाणारी. म्हणजे गर्दी झाली की २,००० एमबीची मागणी, तीही १ जीबीच्या मशीनवर! रात्री बॉट्स (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) ‘एक्सएमएलआरपीसी’ या वर्डप्रेसच्या बाहेरून वापरायच्या दारावर आणि लॉगिनच्या पानावर धडका देत होते, तेव्हा बरोबर तेच व्हायचं. आकडा ६ वर आणला, एक्सएमएलआरपीसी बंद केलं, थोडी स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) जोडली. त्यानंतर डेटाबेस पडलेला नाही.

मला सर्वांत जास्त राग त्या ४ जीबीच्या सल्ल्याचा येतो. तो घेतला असता तर ते २,००० एमबी आरामात मावले असते, बंद पडणं थांबलं असतं आणि तो माणूस खरा ठरला असता. कित्येकांचं असंच झालं असेल, आणि त्यांना अजून पत्ताही नसेल.

कोणी ‘रॅम भरली’ म्हणालं तर आधी विचारा: कर्नलच्या लॉगमधली ओळ दाखवा, कोणती प्रोसेस किती मेमरी धरून आहे ते दाखवा, आणि काय बदललंत ते लिहून द्या. खरं काम करणारा हे न मागता देतो. रूट पासवर्ड तर देऊच नका. वेगळा यूझर करून द्या आणि काम झालं की काढून टाका. माझ्या सर्व्हरवर ‘ऑथोराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये त्याची एसएसएच की, म्हणजे पासवर्डशिवाय आत शिरायची किल्ली, शेवटपर्यंत तशीच होती.

पैसे परत मागितले, तर ‘सेवा दिली आहे’ असं उत्तर आलं आणि पुढे फोन उचलणं बंद झालं. तुमच्या क्रॉनटॅबमध्ये अशी ओळ सापडली तर ती घाईने पुसू नका. आधी तिचा स्क्रीनशॉट, लॉगिनची नोंद आणि त्या माणसाचे सगळे रिपोर्ट दुसरीकडे जपून ठेवा, मगच त्याची की काढा आणि पासवर्ड बदला. लॉगिन त्याच्या हातात असेपर्यंत पुरावाही त्याच्याच हातात आहे.