'दोनशे लिटर'च्या टाकीत अकरा मासे: विक्रेत्याचं गणित आणि खरं गणित

खाऱ्या पाण्याच्या टाकीत किती मासे ठेवायचे, हा प्रश्न मासे विकणाऱ्यालाच विचारला आणि फसवणूक तिथूनच सुरू झाली. '२०० लिटर'ची टाकी, ११ मासे, माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंची एक बाटली आणि ७२ तासांची हमी असा तो सौदा होता. एकोणिसाव्या दिवशी ३ मासे जिवंत होते: दोन डॅमसेल आणि एक क्लाउनफिश. विक्रेत्याचा राग आहेच. त्याहून जास्त लाज वाटते, कारण सगळे आकडे डोळ्यांसमोर होते.

पहिला आकडा टाकीचा. बाहेरून मापं ९० × ४५ × ४५ सेंमी. गुणाकार केला की १८२ लिटर येतात, ते बोलताना 'दोनशे' झाले. काच १० मिमीची, म्हणजे आतली जागा ८८ × ४३. पाणी काठाच्या ४ सेंमी खाली ठेवावं लागतं, म्हणून तळाची काच वजा जाता पाण्याची उंची ४०. झाले १५१ लिटर. तळाला ४ सेंमी वाळू घातली की सुमारे ९ लिटर पाणी हटतं, १५ किलो लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला सच्छिद्र समुद्री दगड) आणखी ७-८ लिटर हटवतो. उरले १३४. टाकी भरताना १० लिटरच्या बादल्या मोजा, दुसरं काही करू नका. चौदावी बादली संपायच्या आत टाकी भरली तर ती २०० लिटरची कशी?

दुसरा आकडा माशांचा. 'एका गॅलनला एक इंच मासा' हा नियम विक्रेत्याने तोंडावर फेकला. २०० लिटर म्हणजे ५३ गॅलन, ५३ इंच म्हणजे सुमारे १३४ सेंमी मासा. पिशव्यांमधले अकरा मासे मिळून जेमतेम ४२ सेंमी भरत होते. 'अजून बरीच जागा आहे,' असं तो म्हणाला. हिशेब ऐकायला चोख होता, म्हणून पटला. हे कबूल करायला जड जातं, पण त्या क्षणी कोणालाही पटला असता.

तो नियम गोड्या पाण्यातल्या छोट्या, सडपातळ माशांचा आहे, आणि तिथेही कच्चाच. २६ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.१ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.६. शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाचा जो विषारी भाग असतो तो पीएच ७ ला एक टक्क्याहून कमी, तर ८.२ ला सहा-आठ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे चाचणीत आकडा तोच दिसला तरी विष दहापटीच्या आसपास. खाऱ्या पाण्यासाठी जो सावध अंदाज सांगतात तो १९ लिटरला अडीच सेंमीचा आहे, आणि लांबी धरायची ती पूर्ण वाढलेल्या माशाची. १३४ लिटरला ते १७-१८ सेंमी होतात.

आता ते अकरा मासे पूर्ण वाढीच्या लांबीने मोजा. ऑसेलारिस क्लाउन दोन, ९ सेंमीचे: १८. तीनपट्टी डॅमसेल चार, ८ सेंमीचे: ३२. ब्ल्यू टँग एक: २५, याहून मोठाही होतो. यलो टँग एक: २०. मँडरिन एक: ८. फायरफिश दोन: १६. बेरीज ११९ सेंमी. जवळजवळ सातपट! आणि नुसती लांबीसुद्धा फसवी असते. मासा दुप्पट लांब झाला की वजन सुमारे आठपट होतं. खाणं, विष्ठा, श्वास सगळं त्या वजनाच्या मागे चालतं. पाच सेंमीचा टँग म्हणजे बाळ. त्याला पुढे सहा फूट लांबीची टाकी लागते, तीन फुटांत तो काचेला समांतर येरझारा घालत राहतो. मँडरिन बारीक जिवंत कोपेपॉड टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरेसे नसतातच, त्यामुळे तो हळूहळू उपाशी मरतो. क्लाउन दोनच ठेवायचे, तिसरा आणला की मारामारी ठरलेली. डॅमसेल चिवट असतात म्हणून विकले जातात आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला पिटाळतात.

जिथे लक्षात यायला हवं होतं ती जागा आजही डोळ्यांपुढून हलत नाही. दुकानातल्या तेवढ्याच आकाराच्या टाकीकडे बोट दाखवून विक्रेता म्हणाला, 'बघा, यात वीस आहेत आणि पाणी काचेसारखं.' त्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लोचा जाड पाइप होता. तो भिंतीपलीकडे जात होता, पलीकडून पंपाची घरघर ऐकू येत होती. म्हणजे ती टाकी एकटी नव्हतीच. मागे सगळ्या टाक्यांचा एकच मोठा सम्प (पाणी गाळून परत पाठवणारी साठवण टाकी) होता, शेकडो लिटरचा. शिवाय तिथला मासा आठवड्यात विकला जातो, त्याला वाढायला वेळच मिळत नाही. त्याच टाकीत तरंगता हायड्रोमीटर (पाण्याची क्षारता, म्हणजे खारटपणा दाखवणारं साधन) १.०१८ दाखवत होता, समुद्राचं पाणी १.०२५ च्या आसपास असतं. एकही गोगलगाय नाही, कोळंबी नाही, हर्मिट खेकडा नाही. क्षारता खाली ठेवून आणि गोगलगाय-कोळंबीला न सोसणारं तांब्याचं औषध चालू ठेवून माशांवरचे परजीवी दाबले होते. मासे निरोगी नव्हते, रोग झाकलेला होता. पाइप दिसत होता, हायड्रोमीटर वाचता येत होता. पण विचारलं नाही. पाणी स्वच्छ दिसत होतं ना! अमोनियाला रंग नसतो.

'पिशवी पंधरा मिनिटं तरंगवा आणि सोडा,' ही त्याची सूचना. १.०१८ मधून थेट १.०२५ मध्ये. क्षारता खाली आणणं मासा बऱ्यापैकी सोसतो, एकदम वर नेणं सोसत नाही, दिवसाला ०.००१ ते ०.००२ एवढीच वाढवायची, म्हणजे चार ते सात दिवस लागतात. ते दिवस वेगळ्या क्वारंटाइन टाकीत काढा आणि तिथेच किमान चार आठवडे ठेवा. अंगावर पांढरे ठिपके (परजीवीचा रोग) दिसले तर औषध तिथेच. मुख्य टाकीत तांबं घातलं की कोळंबी-खेकडे मरतात आणि तांबं दगडात मुरतं.

बाटलीतल्या जिवाणूंनी 'आजच मासे सोडा' हे शक्य नव्हतं. बाटलीने सुरुवात लवकर होऊ शकते, एका दिवसात अकरा माशांची घाण पचवणारी वसाहत उभी राहत नाही. मासे न सोडता अमोनिया २ मिग्रॅ प्रति लिटर होईल एवढा घाला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना होणारा मधला विषारी पदार्थ) दोन्ही शून्यावर आले तरच टाकी तयार. याला सहसा चार ते सहा आठवडे जातात. इथे चौथ्या दिवशी अमोनिया १ वर गेला. हमी तिसऱ्या दिवशी संपली होती. ७२ तासांची हमी ७२ तासांचीच का असते, हे तेव्हा कळलं.

मग तक्रारी. ग्राहक तक्रार कक्षात पहिला प्रश्न: माल सदोष होता का? मासे घेतले तेव्हा जिवंत होते, मग दोष कसला? क्षारतेचा आकडा दाखवला तर 'हे तांत्रिक आहे, तज्ज्ञाचा दाखला आणा.' तज्ज्ञ म्हणून मत्स्य विभागाकडे गेलो, तर तिथे 'आम्ही खाण्याचे मासे बघतो, शोभेचे नाही.' प्राणिकल्याणवाल्यांनी विचारलं, मेले कुणाच्या ताब्यात? तुमच्या. म्हणजे निष्काळजी कोण? तुम्हीच! पोलीस चौकीत अर्जाची पोच मागितली तीसुद्धा मिळाली नाही. चार खिडक्या, चारही ठिकाणी तीच कागदं, आणि एकानेही त्या दुकानात जाऊन हायड्रोमीटरवर नजर टाकली नाही. दहा मिनिटांचं काम होतं. विक्रेता त्याच टाकीकडे बोट दाखवून पुढच्या माणसाला तेच वाक्य ऐकवतो आहे, आणि या सगळ्यांच्या लेखी तक्रार 'निकाली' निघाली आहे.

स्किमरच्या (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) खोक्यावर '४०० लिटरपर्यंत' लिहिलेलं असतं, ते कमी माशांच्या टाकीसाठी. स्किमर अमोनिया काढत नाही, कुजण्याआधीची घाण काढतो. दाटीच्या टाकीत वीज गेली की ऑक्सिजन काही तासांत संपतो. बॅटरीवरचा एअरपंप जवळ ठेवा.

खरा आकडा टाकीच सांगते. एका वेळी एक मासा किंवा एक जोडी, मग तीन-चार आठवडे थांबा. अमोनिया शून्यच हवा. नायट्रेट (अमोनिया पचून शेवटी उरतं ते) आठवड्याला लिटरमागे किती मिग्रॅ वाढतं ते लिहून ठेवा. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलत असाल तर नायट्रेट त्या वाढीच्या दहापटीवर जाऊन स्थिरावतं: वाढ २ असेल तर २०, वाढ ५ असेल तर ५०. २० टक्के बदललं तर पाचपट. प्रवाळ ठेवायचे असतील तर दहाच्या आत राहा. नुसते मासे असतील तर वीस-तीस चालतं. त्यापलीकडे आकडा जाऊ लागला की टाकी भरली, मग ती कितीही मोकळी दिसो. १३४ लिटरला, चांगला स्किमर आणि भरपूर रॉक असेल तर, दोन क्लाउन, एक वॉचमन गोबी आणि एक रॉयल ग्रामा. चार. लांबीने हे वरच्या सावध अंदाजापेक्षा जास्त भरतात, म्हणून एकेक करून आणि नायट्रेट बघतच. टँग नाही, कोणताही नाही.

आणि बिल. आमच्या बिलावर 'शोभेचे मासे, ११ नग' एवढंच होतं, त्यामुळे पुढे काहीच सिद्ध झालं नाही. प्रत्येक माशाचं शास्त्रीय नाव, आजची लांबी, विक्रेत्याच्या टाकीतली क्षारता, तांबं चालू आहे की नाही आणि टाकीत खरोखर मावणारं पाणी किती, हे सगळं बिलावर लिहून मागा. मासा तुमच्यासमोर खाताना पाहा. यातलं एक जरी लिहून द्यायला विक्रेत्याने टाळाटाळ केली तर पिशवी तिथेच ठेवून बाहेर पडा.