लांज्याच्या वरकस रानात 24 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर : 263 तासांनंतर

ट्रॅक्टर : महिंद्रा जिवो 245 डीआय, फोर व्हील ड्राइव्ह. खरेदी नोव्हेंबर 2024. आज तासमीटरवर 263.

लांजा तालुक्यात आमची साडेपाच एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, आहे. वडील होते तोवर तिथे नाचणी व्हायची. ते गेल्यावर 22 वर्षं कोणी आत शिरलं नाही. डोक्याच्या वर रानमोडी, करवंदीच्या जाळ्या, घाणेरी आणि त्यांच्यातून वर आलेले ऐन, किंजळ, कुंभा. आमचा जुना गडगा (दगडी बांध) कुठून कुठे जातो तेसुद्धा दिसत नव्हतं. मी 34 वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर हे रान पुन्हा हाती घ्यायचं, दोन एकरांत काजू लावायचा आणि बाकीचं झाडोऱ्याचं रान झाडोऱ्याचंच ठेवून नीट करायचं, असं आम्ही दोघा नवरा-बायकोने ठरवलं. त्यासाठी कोणता ट्रॅक्टर घ्यावा, हे विचारणारे आता मला बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

शोरूमला जायच्या आधी तलाठ्याकडे जा. सातबाऱ्यावर खासगी वनाचा शेरा असेल तर ट्रॅक्टरचा विषय तिथेच थांबतो. शेरा नसला तरी ऐन, किंजळ, साग, खैर, हिरडा, आंबा, फणस ही झाडं स्वतःच्या जमिनीतलीसुद्धा वन विभागाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यासाठी 1964 चा कायदा आहे. मी मोठं एकही झाड पाडलं नाही. पाडायची गरजच नव्हती, कारण आमचं रान अडवून धरलं होतं ते झुडपांनी.

पहिल्यांदा गेलो त्या विक्रेत्याने जमीन न पाहता मला 15 अश्वशक्तीचा टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर असा जोड सांगितला. "काका, कोकणात सगळे हेच नेतात." त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण गावात दोघांनी तसाच जोड नेला आणि दोघांचेही रोटाव्हेटर पडवीत पडून आहेत. रोटाव्हेटर भातखाचराला छान. उतारावरच्या रानात तो मातीच सुटी करतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वीतभर मातीखाली जांभा आहे. ती वीतभर माती एकदा पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागली की परत आणायची कुठून? शिवाय करवंदीची मुळं पात्यांना गुंडाळतात ती वेगळीच. रान साफ करायचं म्हणजे जमीन उकरायची नाही. वरचं कापायचं आणि मुळं मातीत राहू द्यायची. हे एकदा मनात पक्कं झालं की ट्रॅक्टर निवडणं सोपं जातं, कारण मग आधी औजार ठरतं आणि औजार ओढेल, फिरवेल, उचलेल असा ट्रॅक्टर शोधायचा राहतो.

माझं औजार ठरलं चार फुटी स्लॅशर. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे औजार फिरवणाऱ्या शाफ्टवर, फिरणारी आडवी पाती, खाली जाड पत्र्याची कढई. पाती घट्ट बसवलेली नसतात, बोल्टवर झुलतात, त्यामुळे दगड लागला की मागे वळतात, तुटत नाहीत. अंगठ्याएवढ्या जाडीची करवंद तो सहज कापतो. मनगटाएवढी फांदी आली की थांबायचं आणि कोयती घ्यायची. त्याच्यावर जबरदस्ती केली तर गिअरबॉक्स जातो.

निवडताना चार ट्रॅक्टर स्वतः चालवून पाहिले. महिंद्राचा युवराज 215 सपाटीवरच्या बागेत दोन ओळींमधून फिरायला चांगला, लहान आणि स्वस्त. पण तो 15 अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा आणि टू व्हील ड्राइव्ह. माझ्या उताराला तो नाही. कुबोटाचा निओस्टार ए 211 एन, 21 अश्वशक्ती, तीन सिलिंडर, फोर व्हील. इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की मेकॅनिकचा कान सुखावतो. कुबोटाचाच बी 2441, 24 अश्वशक्ती, तोही तीन सिलिंडरचा. आणि हा जिवो 245, 24 अश्वशक्ती, दोन सिलिंडर. मला स्वतःला तीन सिलिंडरची चाल जास्त आवडते, हे मोकळेपणी सांगतो. तरी जिवो घेतला तो दोन कारणांनी. एक, कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) तो दम सोडत नाही. दाट जाळीत शिरला की आवाज जड होतो, पण बसत नाही. दुसरं, सुटे भाग आणि हाताखालचा मेकॅनिक दोन्ही मला तासाभराच्या अंतरावर मिळतात. तुमच्या गावाजवळ कुबोटाचं चांगलं सर्व्हिस सेंटर असेल तर तो घ्यायला मी अडवणार नाही.

फोर व्हील ड्राइव्हवर मात्र मी अडून बसेन. चढायला ती लागते हे सगळेच सांगतात. उतरताना ती जास्त लागते, हे कोणी सांगत नाही. टू व्हील ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांना. रानात उतारावर वाळलेला पातेरा पसरलेला असतो. त्यावर मागची चाकं जाम झाली की ट्रॅक्टर घसरगाडीसारखा खाली जातो. फोर व्हील लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सोडला तर इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं. मी उताराला लागायच्या आधी, सपाटीवर असतानाच दांडा ओढून फोर व्हील लावतो. क्लच दाबून उतरायचं नाही, न्यूट्रलमध्ये तर कधीच नाही. आडव्या उतारावरूनही कापत जायचं नाही. सरळ वर, सरळ खाली. चढ अवघड वाटला तर रिव्हर्समध्ये चढायचं. या छोट्या ट्रॅक्टरांवर उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान सहसा नसते, म्हणून हे इतकं सांगतो आहे. मागच्या टायरांत मी पाणी भरून घेतलं. तीन हिस्से पाणी, एक हिस्सा हवा. वजन खाली गेलं आणि ट्रॅक्टर बसल्यासारखा चालायला लागला.

आता स्लॅशर घेणाऱ्याने ऐकायलाच हवी अशी गोष्ट. फिरत्या पात्यांचं वजन भरपूर असतं. सिंगल क्लचच्या, म्हणजे चाकं आणि पीटीओ दोन्हींना एकच क्लच असलेल्या ट्रॅक्टरवर तुम्ही क्लच दाबला तरी ती पाती फिरतच राहतात आणि पीटीओच्या शाफ्टमधून उलट गिअरबॉक्सला फिरवतात. म्हणजे तुम्ही क्लच दाबलेला, आणि ट्रॅक्टर पुढे चाललेला! समोर गडगा किंवा माणूस असेल तर काय होईल ते बघा. उपाय साधा आहे. शाफ्टला फ्री-व्हील कपलिंग बसवायचं. सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरतं ना, तेच तत्त्व. मला औजारवाल्याने ते आपणहून दिलं नव्हतं. मी मागून घेतलं. तुम्हीही मागा आणि बसवल्याशिवाय स्लॅशर दुकानाबाहेर काढू नका. आणखी एक : स्लॅशरवर 540 आरपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे पीटीओ तेवढा फिरायला हवा. तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ इंजिनच्या किती आरपीएमला किती फिरतो ते पुस्तिकेत पाहून थ्रॉटलच्या पट्टीवर रंगाची खूण करून ठेवा.

पहिल्यांदा कापणी केली ती नोव्हेंबरअखेरीस, पाऊस पूर्ण गेल्यावर. ही वेळ मुद्दाम साधली. रानमोडी फुलायला लागते ती थंडीत, नंतर तिचं बी वाऱ्यावर उडतं. फुलायच्या आधी कापली तर पुढच्या वर्षीचं निम्मं काम वाचतं. स्लॅशर मागे असतो, म्हणजे सरळ गेलात तर आधी ट्रॅक्टरच झुडपात शिरतो. म्हणून दाट जाळीत मी उलटा शिरतो : स्लॅशर उचलून मागे जायचं, हळूहळू खाली सोडायचा, पुढे यायचं. मान दुखते, पण ट्रॅक्टरचं तोंड वाचतं. त्याआधी कोयती घेऊन पायी एक फेरी मारायचीच, गुडघ्यापर्यंत बूट घालून. गडग्याचे ढासळलेले चिरे, करवंदीतलं गांधीलमाशांचं पोळं, फुरसं हा विषारी साप. हे सगळं ट्रॅक्टरवर बसून दिसत नाही. दोन ब्रशकटरवाल्यांना जेवढ्या तुकड्याला आठ दिवस लागतात, तो मी चार दिवसांत, रोज पाच तास चालवून कापला. डिझेल तासाला सव्वादोन लिटरच्या आसपास.

खुंटांबद्दल बोलतो, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. हा ट्रॅक्टर खुंट उपटू शकतो का? मनगटाएवढा करवंदीचा खुंट, माती ओली असताना, साखळी लावून, हो. त्यापुढे नाही, आणि त्यासाठी 35-40 अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टरही घेऊ नका. मी काजूच्या दोन एकरांसाठी आणि वाटेसाठी जेसीबी दोन दिवस भाड्याने आणला, तासाला 1300 रुपयांनी. ज्या कामाला दोन दिवस पुरतात त्याच्यासाठी आयुष्यभर मोठं धूड पोसायचं कशाला? झाडाझाडांमधून ते फिरलंही नसतं. जिवो टायरच्या बाहेरून मोजला तरी चार फुटांच्या आत बसतो. साखळी लावायची असेल तर ती ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या खालच्या ओढायच्या पट्टीलाच. टॉप लिंकला (औजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा एक्सलच्या वर बांधली आणि खुंट हलला नाही, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटा येतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. एसटीत असताना ब्रेकडाऊन गाड्या ओढून आणायचं काम केलं आहे. ओढण्याचा बिंदू चुकला की काय होतं, ते मी पाहिलं आहे.

बाकीच्या साडेतीन एकरांत ऐन-किंजळीचे जुने खुंट मी काढलेच नाहीत. त्यांच्या मुळांनी उतार धरलेला आहे. एकेका खुंटाला सात-आठ फुटवे होते. त्यातला एक सरळ ठेवला, बाकीचे कोयतीने काढले. दीड वर्षात ते फुटवे माझ्या दंडाएवढे झाले. झाडाझाडांमधून स्लॅशर फिरवायला अंतर पुरतं, आणि कापलेला पाला तिथेच आच्छादन म्हणून पडतो. पऱ्याकाठची वीस-बावीस पावलांची पट्टी तशीच सोडली आहे.

जांभ्यावर ट्रॅक्टरचं खड्डे मारायचं ऑगर चालेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ते एका दिवसासाठी मागून आणलं होतं. मातीत वीतभर गेलं आणि मग नुसतं घासत बसलं. कलमांचे खड्डे, 8 बाय 8 मीटरवर, जेसीबीनेच मारून घेतले. वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 या काजूच्या जातींची कलमं लावली आहेत.

ट्रॅक्टर रानात नेण्याआधी दोन गोष्टी करून घ्या, कंपनी कुठलीही असो. छोट्या ट्रॅक्टरांचं पोट शेतासाठी बनवलेलं असतं, खुंटांसाठी नाही. मी गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पोटाखाली 4 मिलिमीटरची पत्र्याची ढाल बसवून घेतली. दुसरी, रेडिएटरपुढे बारीक जाळी. वाळलेल्या रानमोडीचा भुगा तासाभरात रेडिएटर बंद करतो. दर तासाला उतरून जाळी झटकायची. करवंद तिरकी कापली तर खुंटाला सुईसारखं टोक राहतं. त्याने माझा मागचा एक टायर पंक्चर झाला, म्हणून आता टोकं दिसली की कोयतीच्या मागच्या बाजूने ठेचून पुढे जातो.

खर्च : ट्रॅक्टर, स्लॅशर, छोटी ट्रॉली, ढाल, शाफ्टचं कपलिंग, सगळं मिळून साडेसात लाखांच्या आत. मी घेतला तेव्हा जीएसटी 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे, तेव्हा तुम्हाला फायदाच. अनुदान हवं असेल तर सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करा आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय विक्रेत्याला पैसे देऊ नका. आधी बिल फाडलं की अनुदान गेलं. माझी घाई झाली आणि ते मला मिळालं नाही.

दोन एकरांच्या आत रान असेल तर हा खर्च करू नका. चांगला ब्रशकटर, वर्षातून एकदा जेसीबी, एवढ्यात भागतं. तीन एकरांच्या वर, उतार, अरुंद वाट, आणि दरवर्षी कापत राहायची तयारी असेल तर फोर व्हीलचा 21 ते 24 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पैसे वसूल करतो.

या पावसानंतर कलमांच्या ओळींमधली बेणणी (गवत-तण काढणं) आमच्या हिने केली. तिला सायकलसुद्धा येत नव्हती. सीट खाली आहे, क्लच हलका आहे, आठ दिवस खळ्यात नुसता पुढे-मागे करून शिकली. परवा सपाटीवरची अख्खी पट्टी तिने एकटीने कापली, मी कोयती घेऊन पुढे चालत होतो. उतारावर अजून मीच नेतो.