‘सर’ म्हणाले आणि मी सही केली

पुण्यातल्या मंगल कार्यालयात कॅमेरावाल्याला नाव नसतं. ‘ओ कॅमेरा, जरा बाजूला व्हा’, ‘ओ शूटिंग, मामांना घ्या की’. अठरा वर्षं हेच ऐकत आलोय. त्यामुळे भोसरीच्या एका गाळ्यात चहाचा कप पुढं करत एक माणूस मला म्हणाला, “सर, तुमच्यासारख्या ऑपरेटरनं तपासून दिल्याशिवाय मी हा पीस बाजारात आणणार नाही,” तेव्हाच माझी विकेट पडली होती. पुढचे १,८५,००० रुपये हा नुसता हिशेबाचा भाग.

त्याचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकील असलेल्या मेव्हणीनं ‘नाव टाकलंत तर केस दुसऱ्याकडे न्या’ अशी तंबी दिलीय. तसाही नावाचा उपयोग नाही, पाटी बदलायला एक दिवस पुरतो. पद्धत मात्र तो बदलणार नाही, कारण ती चालते. म्हणून पद्धत सांगतो.

वस्तू होती अंगावर बांधायचा कॅमेरा स्टेबिलायझर. धंद्यात आम्ही नुसतं ‘स्टेडी’ म्हणतो. छाती-कमरेला आवळायचं व्हेस्ट, त्याला अडकवलेला स्प्रिंगांचा दोन भागांचा आर्म, आणि आर्मच्या टोकाला गिम्बलवर, म्हणजे सगळीकडे मोकळ्या फिरणाऱ्या बेअरिंगच्या सांध्यावर, लटकणारा स्लेड, म्हणजे एक उभी नळी, तिच्यावर कॅमेरा आणि खाली बॅटरी व मॉनिटर. हातात धरायचं मोटरचं गिम्बल आता कॉलेजच्या पोरांकडेही असतं, पण ते कॅमेरा कलू देत नाही एवढंच. चालताना पावलागणिक बसणारा वर-खाली हिसका त्याला गिळता येत नाही. त्यात सिनेमाचा कॅमेरा असला की दहा मिनिटांत मनगटं बोलायला लागतात. स्टेडीत तो हिसका आर्म खातो आणि वजन व्हेस्टवाटे कमरेवर उतरतं. चांगला परदेशी संच नवा घेणं माझ्या आवाक्याबाहेर, आणि दर वेळी मुंबईहून भाड्यानं आणायचा तर छोट्या कामात हातात काही उरत नाही.

अशात व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरला: पुण्यात बनणारा पहिला स्टेडी, डिझाइनमध्ये सहभागी व्हा, तपासणी करणाऱ्या पहिल्या दहा ऑपरेटरांना निम्म्या किमतीत. मी गेलो. गाळा नीटनेटका. भिंतीवर ड्रॉइंगं, कोपऱ्यात लेथ, टेबलावर फोम कापून बसवलेली काळी पेटी. लेथवर धूळ होती. ती मला तेव्हाही दिसली होती, पण दिसणं आणि लक्षात येणं यात फरक आहे.

माणूस बोलायला गोड आणि विषयातला जाणकार. “गॅरेट ब्राउननं सत्तरच्या दशकात अमेरिकेत केलं, १९७८ला त्याला ऑस्करवाल्यांनी बक्षीस दिलं. आपण पन्नास वर्षांनी भोसरीत का नाही करायचं, सर?” आता याला कोण नाही म्हणणार? इंजिनं जिथं घडतात त्या पट्ट्यात एक स्प्रिंगचा आर्म घडणार नाही?

मग त्यानं चार पानी ‘मूल्यांकन फॉर्म’ पुढं केला. व्हेस्ट कुठं टोचतं, आर्म किती वजन तोलतो, गिम्बल किती हलकं फिरतं, ड्रॉप टाइम किती. प्रश्न सगळे बरोबर होते, हे मान्य करायला हवं. चुकीचे असते तर मी उठून आलो असतो.

मी कॅमेरा गाडीत घेऊनच गेलो होतो. तो म्हणाला, “सर, नमुन्यावर तुमचा महागाचा कॅमेरा कशाला? काही झालं तर माझ्या जिवाला घोर.” मला त्याचा विचार फार जबाबदारीचा वाटला. कॅमेऱ्याच्या जागी त्यानं जिमच्या दोन काळ्या प्लेटा कसल्या. दोन्हींवर ठसठशीत उठावात ‘५ किलो’. व्हेस्ट घातलं, आर्म अडकवला, आणि खरंच सांगतो, तो तरंगला. पाण्यावर दिवा सोडावा तसा. गाळ्यात दोन फेऱ्या मारल्या, उंबरा ओलांडला, दोन पायऱ्या चढलो-उतरलो. दहा किलो अंगावर असून इतकं हलकं वाटतंय म्हटल्यावर मी व्हेस्टच्या डिझाइनचं तोंडभर कौतुक केलं. त्यानं समोरून मोबाइलवर शूट केलं. मी कॅमेऱ्यात बघून म्हणालो, “दहा किलो वाटतच नाहीत, अक्षरशः तरंगतो.”

मग ड्रॉप टाइम. नळी आडवी धरून सोडायची आणि ती सरळ उभी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं, साधारण दोन-तीन सेकंद ठेवतात. त्यानं स्टॉपवॉच लावून अडीच दाखवले आणि मी फॉर्मवर अडीच लिहिले. आज हसू येतं. ड्रॉप टाइम गिम्बल नळीवर जरा वर-खाली सरकवून हवा तेवढा करता येतो. तो त्या वेळच्या तोलाचा आकडा, यंत्राच्या दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला माहीत होतं. असिस्टंट पोरांना मीच शिकवलंय.

शेवटच्या पानावर ओळ होती: ‘उपकरण तपासले, कामगिरी समाधानकारक.’ खाली मी झोकात सही केली. कोणतं उपकरण, कुठला क्रमांक, काही नव्हतं. त्या पानाची प्रतही मागितली नाही.

पैसे यूपीआयनं गेले. एका दिवसात लाखाच्या वर जाईना म्हणून दोन दिवसांत, आणि तेही त्याच्या बायकोच्या खात्यावर, ‘फर्मचं खातं जीएसटीच्या कामात अडकलंय’ म्हणून. बिल नंतर येणार होतं. बायकोनं विचारलं, “बिलाशिवाय?” मी म्हटलं, “अगं, मी त्यांच्या डिझाइन टीममध्ये आहे.” हे वाक्य ती अजून महिन्यातून एकदा मला ऐकवते, बहुतेक पाहुण्यांसमोर.

पेटी दोन महिने उशिरा आली. आत सगळं होतं, वर त्या दोन काळ्या प्लेटा, ‘टेस्ट वेट, सरांना सप्रेम भेट’ अशी चिठ्ठी लावून. घरी प्लेटा लावून पाहिलं. तरंगला. गिम्बल मात्र गाळ्यात होतं त्यापेक्षा जड फिरत होतं. फोन केला तर म्हणाला, “नवीन आहे सर, वापरात मोकळं होईल.” नवीन चपलेला लागू पडतं ते गिम्बललाही पडेल असं धरून मी गप्प बसलो.

पहिलं मोठं काम आषाढी वारीचं. एका माहितीपटासाठी माउलींची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढते तो टप्पा. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं जाते, घाट माउलींच्याच वाट्याला. मला दिंडीच्या पुढं उलटं चालत टाळकऱ्यांचे चेहरे घ्यायचे होते. लेन्स, मॅटबॉक्स, फोकसची मोटर धरून कॅमेरा आठ किलो, स्लेड साडेचार. पठ्ठ्यानं आर्मची क्षमता चौदा लिहून दिली होती.

हडपसरलाच आर्म खाली वाकला. स्प्रिंगांचे स्क्रू शेवटपर्यंत आवळले, तरी कॅमेरा छातीऐवजी पोटाशी. चांगला आर्म वर-खाली कुठल्याही उंचीवर जवळजवळ सारख्याच जोरानं वजन तोलतो, म्हणून तर तो तरंगतो. हा थोडा उचलला की पडत होता, दाबला की बसत होता. आर्म व्हेस्टला जिथं जोडतात त्या ठोकळ्यात कोन बदलायचे स्क्रू असतात. ते नीट लावले की वजन पुढं ओढत नाही, आपण सरळ उभे राहू शकतो. मी एक स्क्रू पिळला आणि आटे गेले. मग राहिलं काय, पुढं ओढणाऱ्या साडेबारा किलोंना पाठ मागं टाकून आवरायचं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर पावसाची सर आली. नळीकडे लक्ष गेलं तर जिला तो ‘कार्बन फायबर’ म्हणाला होता तिच्यावर क्लॅम्पपाशी फुगा आलेला. नखानं ओढला तर कार्बनच्या विणीचा छापील स्टिकर केळीच्या सालीसारखा निघाला. आत अॅल्युमिनियम.

एक म्हातारे वारकरी माझ्याकडं बघत चालले होते. म्हणाले, “माउली, लई जड झालंय का? ठेवा जरा खाली.” ठेवला. उरलेला घाट असिस्टंटच्या छोट्या कॅमेऱ्यावर, मोटरच्या गिम्बलवर काढला. दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही, आणि फिजिओथेरपीचा खर्च वर दिलेल्या आकड्यात धरलेला नाही.

परत आल्यावर प्लेटा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेल्या. दुकानदारानं एक काट्यावर ठेवली. ३ किलो १५० ग्रॅम. दुसरीही जवळपास तेवढीच. वर प्लास्टिक, आत सिमेंट, आणि ५चा आकडा साच्यातच. म्हणजे गाळ्यात मी जे दहा किलो तोलून धरले होते ते सहा किलो तीनशे ग्रॅम होते. मला हलकं वाटलं कारण ते हलकंच होतं. त्या व्हेस्टची मी केलेली तारीफ आठवली आणि दुकानातच कानशिलं तापली. दुकानदार म्हणाला, “भंगारात देताय का?”

आमच्या सोसायटीत एक काका राहतात, सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली. त्यांनी गिम्बल उघडलं. बेअरिंग बोटावर फिरवून म्हणाले, “हे ६०८ आहे. पोरांच्या स्केटिंगच्या चाकात असतं. वाईट नाही, पण तुझ्या कामाचंही नाही. त्यात ग्रीस ठासलंय.” कॅमेरा बोटाच्या टोकानं वळवायचा असतो तिथं ते ग्रीस म्हणजे डांबर. गाळ्यातल्या नमुन्यात हेच होतं का वेगळं, ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. मी तपासलेल्या पीसवर नंबर नव्हता आणि आलेल्या पीसवरही नाही.

गाळ्यावर गेलो तेव्हा त्याचा आवाज चढला नाही. त्यानं फाइलमधून माझा फॉर्म काढला. “सर, तुम्हीच समाधानकारक लिहिलंय. तुमचीच सही आहे.” मग मोबाइलवर माझा व्हिडिओ लावला. ते चार पानी नाटक कशासाठी होतं हे मला त्या मिनिटाला कळलं. तपासणी माझी चाललेली होती, उपकरणाची नव्हे.

पोलिसांकडे गेलो. पूर्वी चारशेवीस म्हणायचो ते कलम आता न्याय संहितेत ३१८ आहे, एवढी माहिती मिळाली. बाकी ‘वस्तू मिळालीय ना? मग हा दिवाणी मामला’ असं ऐकून परत आलो. १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, पण तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. मी साडेतीन महिन्यांनी केला. जिल्हा ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्या गाळेवाल्याचं उत्तर आलंय की मी धंद्यासाठी घेतलं, म्हणून मी ग्राहकच नाही. मेव्हणी म्हणते, २०१९च्या कायद्यात धंद्यासाठीची खरेदी वगळलीय खरी, पण जो स्वतः राबून त्या वस्तूवर पोट भरतो त्याला ग्राहकच धरलंय. हे तुमच्यापैकी अनेकांना लागू होईल, म्हणून मुद्दाम लिहिलं. तारखा चालू आहेत.

कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: स्वतःचा कॅमेरा, स्वतःची बॅटरी, आणि सामान तोलायचा दोन-तीनशे रुपयांचा हुकवाला काटा. जे लावाल ते आधी तोला. व्हेस्ट घालून वीस मिनिटं उभे राहा, दोन फेऱ्यांत पाठ काही सांगत नाही. नळी आडवी-उभी करत चारी दिशांना फिरवा. गिम्बल मध्यावर नसेल तर एका बाजूला नीट तोललेला स्लेड दुसऱ्या बाजूला वळवताच कलतो. आणि सही करायचीच असेल तर त्या पीसचा नंबर, तारीख आणि लावलेलं वजन आपल्या अक्षरात लिहून, फोटो काढून मगच करा.

व्हिडिओ अजून फिरतोय. मी रिपोर्ट केला की उतरतो, आठवड्यात दुसऱ्या नावानं चढतो. मागच्या महिन्यात जुन्नरहून एका मुलाचा फोन आला. लग्नाची कामं करतो, वडिलांची शेती, टोकन म्हणून २१,००० भरून बसलेला, उरलेले सोमवारी द्यायचे होते. व्हिडिओत शर्टावर माझ्या स्टुडिओचं नाव दिसतं, त्यावरून त्यानं नंबर शोधला होता. “दादा, चांगला आहे ना तो? तुम्ही म्हणालात तरंगतो म्हणून.”

मी त्याला सगळं सांगितलं, प्लेटांपासून घाटापर्यंत. तो ऐकत राहिला. मग जरा थांबून, न चिडता विचारलं, “मग दादा, तुम्ही तसं बोललात कशाला?”

मी म्हटलं, “मला सर म्हणाला रे तो.”