न उतरवलेल्या गिअरबॉक्सचे साडेसोळा हजार

जुनी गाडी ठेवणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. ज्यांच्या घरातली वडीलधारी माणसं एकटीच गाडी घेऊन गॅरेजला जातात, त्यांनी तर नक्की वाचावं. माझ्या बाबांना एका गॅरेजवाल्याने इंजिन ऑइलच्या गळतीच्या नावाखाली साडेसोळा हजारांना लुबाडलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण बाबांना ‘काका, काका’ करत, त्यांची भीती हेरून हे केलं गेलं, त्याचा मला जास्त संताप येतो.

आम्ही कोल्हापूरचे. बाबांकडे 1997 ची मारुती एस्टीम आहे, कार्ब्युरेटरवाली, 1298 सीसीची. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5000 रुपये झाली, तेव्हा ‘आता काढून टाका’ असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाबांनी फी भरली आणि गाडी ठेवली. अशा माणसाचा जीव गाडीत असतो आणि तो दुरुस्तीला नाही म्हणत नाही, हे गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक असतं.

पार्किंगच्या फरशीवर तेलाचे डाग दिसायला लागले. काळपट तपकिरी, म्हणजे इंजिन ऑइलच. बाबा हायवेलगतच्या एका गॅरेजला गेले. तिथे गाडी लिफ्टवर चढवली, खालून बॅटरी मारली आणि इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तो सांधा दाखवला. सगळा तेलाने माखलेला. “काका, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार. तेल क्लच प्लेटवर आलं तर क्लच घसरणार. आंबा घाटात चढावर गाडी थांबली म्हणजे?” बाबांचं रत्नागिरीला येणं-जाणं असतं, हे त्याने गप्पांत आधीच काढून घेतलं होतं.

त्याने सांगितलेलं सगळंच खोटं असतं तर कुणीही पकडलं असतं. पण मागचं सील, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) मागच्या टोकाशी तेल अडवणारं कडं, खरंच जातं. ते बदलायला गिअरबॉक्स खरंच उतरवावा लागतो, आणि गळती वाढली तर क्लच खरंच भिजतो. फक्त आमच्या गाडीत ते झालेलं नव्हतं. दाखवलेलं ओलं खरं होतं, त्यावरून काढलेलं निदान खोटं होतं.

गाडी परत आली तेव्हा इंजिन चकचकीत धुतलेलं होतं. हातात साध्या कागदावरची चिठ्ठी: क्रँक सील, क्लच सेट, इंजिन ऑइल, मजुरी. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत ‘जुनं काढलेलं’ सील. काही दिवस फरशी कोरडी राहिली. मग डाग परत, त्याच जागी.

यावेळी मी बाबांबरोबर उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी गाडी उचलायच्या आधी बोनेट उघडलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या सर्वांत वरच्या झाकणाच्या, कडेने बोट फिरवलं. मग त्या झाकणाखालच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बरोबर वर, स्पार्क प्लगना करंट वाटून देणारा जो डिस्ट्रिब्युटर बसतो, ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात, त्याच्या मागे बोट घातलं. बोट तेलाने भरून आलं आणि त्याबरोबर सिलिकॉनचा एक पापुद्राही निघाला. “ताई, तेल वरनं यायलंय. खालनं न्हवं.”

डेल्को हेडमध्ये जिथे बसतो तिथे रबराची एक ओ-रिंग असते. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, चपटी होते आणि तेल झिरपू लागतं. त्यात गाडीचा दोष नाही, रबराचं वय झालेलं असतं. झिरपलेलं तेल गिअरबॉक्सच्या अंगावरून खाली उतरतं आणि नेमकं त्या सांध्याशी गोळा होतं. खालून पाहणाऱ्याला मागचं सील गेल्यासारखंच दिसतं. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. डेल्कोची जागा खूण करून ठेवायची, कारण तो फिरला की ठिणगी पडायची वेळ, म्हणजे टायमिंग बिघडतं, बोल्ट सोडायचे, रिंग बदलायची.

पहिल्या गॅरेजने ही गळती पाहिली होती, हे त्या पापुद्र्यावरून सरळ कळतं. त्यांनी बाहेरून सिलिकॉन फासलं आणि मिस्त्रींच्या मते जाड ग्रेडचं ऑइल भरलं, म्हणजे गळती काही दिवस मंदावते. तेलकट धातूवर सिलिकॉन धरत नाही, ते सुटणारच होतं. (टॅपेट कव्हरला असं भसाभस सिलिकॉन लावलं, तर आत सुटलेले तुकडे चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. मग ऑइलचं प्रेशर जातं आणि इंजिनच बसतं.)

मग मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि मला एकेक दाखवलं. गिअरबॉक्सच्या बोल्टांच्या डोक्यांवर माती आणि तेलाचा जुना वाळलेला थर तसाच होता. धुलाई वरवरची, मागच्या बाजूला पाणी पोचलेलंच नव्हतं. बोल्टावर पाना बसला असता तर तो थर तुटला असता. “ह्या गिअरबॉक्सला कुणी हातबी लावल्याला न्हाई,” ते म्हणाले. दुसरं, या गाडीत गिअरबॉक्स उतरवायचा तर एक्सल बाहेर काढावे लागतात आणि त्यासाठी गिअर ऑइल आधी काढून घेतात. आमच्या चिठ्ठीत गिअर ऑइल नव्हतंच. आणि पिशवीतलं सील पाहून तर त्यांनी मानच हलवली. क्रँकचं मागचं सील पुढच्यापेक्षा बरंच मोठं असतं. आम्हाला दिलेलं लहानसं सील मागचं असूच शकत नव्हतं. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लचही बदलता येत नाही, म्हणजे क्लच सेटही बदललेला नाही, त्याचे पैसे मात्र घेतलेले.

म्हणून कळकळीने सांगते, गळतीसाठी गाडी गेली की सर्वांत खालचं ओलं पाहून कुणालाही काही उघडू देऊ नका. तेल खाली उतरतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे उगम शोधायचा तो सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या ओल्या जागेत. आधी डेल्को आणि अल्टरनेटर प्लास्टिकने झाकून इंजिन धुऊन कोरडं करायला सांगा. मग सांध्यांवर टाल्कम पावडर उडवा, थोडी गाडी चालवा आणि पावडरवर ओघळ कुठून सुरू होतो ते स्वतः वाकून पहा. तेलात घालायचा रंग आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे तर हे काम आणखी सोपं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डेल्कोची रिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं बूड आणि ड्रेन नट ही सगळी स्वस्त ठिकाणं आधी. ब्रीदरचा पीसीव्ही वॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी झडप, तुंबला असेल तर आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं, तेव्हा तोही पाहायला लावा. मागचं सील खरंच गेलं असेल तर वरची बाजू कोरडी असते आणि तेल बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या तळातून, आतून ठिबकतं. त्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, मग दुखणंच वेगळं.

आणि गिअरबॉक्स उतरवायचंच ठरलं तर तो खाली असतानाचा फोटो मागा, त्यात तुमच्या गाडीची नंबर प्लेट दिसली पाहिजे. शक्य असेल तर त्या वेळी स्वतः जाऊन उभे राहा. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही.

आम्ही त्या गॅरेजला परत गेलो. आधी म्हणाला, “उतरवला होता, पोरांनी बोल्ट जुनेच लावले.” मी विचारलं, “मग गिअर ऑइल कुठलं भरलं?” त्यावर गप्प. मग तीन हजार परत देतो म्हणाला. बाबा नको म्हणाले. मला त्यांचा अभिमान वाटला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे नोंद केली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल न देणं हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे, म्हणून चिठ्ठी देऊन कुणी वाटेला लावत असेल तर पक्कं बिल मागून घ्या. आमच्याकडे ते नाही. पण बाबांनी पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद आहे. मिस्त्रींनी आपलं म्हणणं लिहून सही करून दिलं आहे.

असं कुणाच्या बाबतीत आधीच झालं असेल, तर दुसऱ्या मिस्त्रीने इंजिन धुवायच्या आधी बोल्टांचे आणि सांध्याचे जवळून फोटो काढून ठेवा. आम्ही काढले म्हणून दाखवायला काहीतरी आहे. एकदा धुतलं की तो वाळलेला थर जातो आणि मग गिअरबॉक्स उतरवला होता की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.